मोर नसलेली पैठणी: आजेसासूबाईंच्या पदरावरची असावली

ताई, आधी मनातली धास्ती काढून टाका. पदरावर मोर नाही म्हणून पैठणी खोटी ठरत नाही. तुम्ही पाठवलेले सुलट आणि उलट, दोन्ही बाजूंचे फोटो मी मोठे करकरून पाहिले. तुमच्या आजेसासूबाईंची नऊवारी ही हातमागावर विणलेली, नारळी काठाची आणि असावली पदराची पैठणी आहे. जरीत चांदी किती हे फोटोवरून कुणी सांगू नये, मीही सांगणार नाही. वीण मात्र अस्सल आहे.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लातूरच्या घरात आजेसासूबाईंच्या पेटीत काळी, तांबड्या काठाची नऊवारी निघाली. पदरावर वेली आणि फुलं आहेत, मोर नाही. दुकानात दाखवली तर उत्तर मिळालं, ‘मोर नाही, मुनिया नाही, ही पैठणी नव्हे, साधी जरीची साडी आहे.’ (मुनिया म्हणजे पैठणीवर विणतात तो पोपटासारखा छोटा पक्षी.) लेकीचं लग्न वैशाखात आहे आणि तिला या साडीचं जॅकेट शिवायचंय. साडी खरी का, ही नक्षी किती जुनी, आजच्या मुलींना ती एवढी का आवडते आणि कापावी की कापू नये, असं सगळं तुम्ही विचारलंत. मी पैठणची. साळ्यांच्या घरात वाढले, मागावर बसूनच शिकले. आता मुलींना पदर विणायला शिकवते आणि जुन्या पैठण्यांची डागडुजी करते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

असावली म्हणजे खालून वर चढत जाणारी फुलांची वेल. कधी ती कुंडीतून उगवते, कधी कुयरीतून. मधोमध देठ, दोन्ही बाजूंना जोडीनं पानं आणि शेंड्याला एक मोठं फूल. तुमच्या पदरावर अशा वेलींची एक रांग उभी आहे. पानं हिरवी, फुलं गुलाबी आणि प्रत्येक पानाला गडद रेशमाची बारीक कड. ती कड असल्यामुळेच जरीच्या झळाळीत पान हरवून जात नाही. दुरुस्तीला माझ्याकडे ज्या खरोखर जुन्या नऊवारी येतात, त्यांच्या पदरांवर मला जास्त करून वेली, कुयऱ्या आणि भौमितिक मुठडाच दिसतो. मोर असतो, पण क्वचित. आज चित्र उलटं झालंय, त्याबद्दल पुढे लिहितेच.

आता ‘किती जुनी’ याबद्दल. ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ हे वाक्य प्रत्येक दुकानाच्या पाटीवर असतं. त्यात खरं काय, ते नीट समजून घेतलेलं बरं. पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान, गोदावरीच्या काठची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या व्यापारी वाटाड्यात पैठणचं नाव आहे आणि तगर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचंही आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, असं त्यात लिहिलंय. दोन्हीकडचा माल गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलुखातून भडोचला जायचा. पण नीट वाचलं तर पैठणहून सुलेमानी दगड जातात असं तो लेखक म्हणतो. पुष्कळसं साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल तो तेरच्या नावावर मांडतो. म्हणजे मराठवाड्यातलं कापड दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापार जात होतं, हे पक्कं. पण ‘ग्रीकांनी पैठणी वर्णिली’ असं जे सांगतात, त्याला त्या ग्रंथात आधार नाही. तेरचा हा मान आपण उगाच झाकून ठेवतो याचं मला वाईट वाटतं. तेरच्या संग्रहालयात एकदा लेकीला घेऊन जा, लातूरहून लांब नाही.

अजिंठ्याचंही तसंच. पाचव्या शतकातल्या तिथल्या चित्रांत पट्ट्यापट्ट्यांची, हंसांच्या नक्षीची वस्त्रं दिसतात. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याच्या छतावर कमळं आणि वेली आहेत. आज पैठणीवर विणलं जाणारं ‘अजिंठा कमळ’ त्या छताशी नातं सांगतं. पण बाहेरच्या जगाला अजिंठ्याची खबर लागली १८१९ नंतर. म्हणून ते कमळ बाराशे-चौदाशे वर्षं मागावर अखंड विणलं जात होतं, असा दावा मी करणार नाही. चित्रं पाहून ते पुन्हा मागावर आणलं, असं मानणं मला जास्त रास्त वाटतं.

असावलीचा पत्ता मात्र याहून जवळ सापडतो. बीबी का मकबऱ्याच्या मोठ्या दरवाजावर लाकडाला पितळी पत्रा मढवलाय. त्यावरची वेलबुट्टी निरखून पाहा. मधोमध देठ आणि दोहो अंगांना तोलून फुटलेली पानं, हा मुघलांचा सतराव्या शतकातला लाडका घाट. दगडावर, पितळेवर आणि कापडावर तो एकाच काळात दिसतो. औरंगाबाद हे तेव्हा दख्खनच्या सुभ्याचं ठाणं आणि पैठण तिथून पन्नासेक किलोमीटर. कारागीर, व्यापारी आणि नमुने या वाटेनं येत-जात राहिले. पुढे माधवराव पेशव्यांनी तांबडे, हिरवे, केशरी, डाळिंबी आणि गुलाबी असे असावली दुपट्टे मागवल्याचा उल्लेख मिळतो. तुमच्या दुकानदाराला एवढं एक सांगितलं तरी पुरे. पुण्याच्या दरबारानं जी नक्षी नाव घेऊन मागवली, तिला आज पैठणी म्हणायला कुणाची हरकत असावी?

पेशवाई गेली, तरी हैदराबादच्या निजामाच्या घराण्यात पैठणीला मान राहिला, कारण पैठण त्याच संस्थानात होतं. सातव्या निजामाची धाकटी सून निलोफर हिनं काठपदरात काही नवे नमुने आणवले, असं सांगतात. पण राजेरजवाड्यांच्या आधारावर चालणारा धंदा मुळातच नाजूक असतो. येवल्याच्या विणकरांना नाशिक-मुंबईची बाजारपेठ जवळ होती, तिथं माग टिकले आणि वाढले. आमच्या पैठणला ते थोडके उरले. स्वातंत्र्यानंतर शासनाच्या लघुउद्योग विकास महामंडळानं पैठणला केंद्र काढलं आणि तिथं शिकून बाहेर पडलेल्यांनी पुन्हा घरोघरी माग बसवले. आज ‘पैठणी’ या नावाला भौगोलिक मानांकन आहे, त्यात येवलाही येतं आणि पैठणही. कुठली खरी यावरून भांडायचं काही कारण नाही.

आता वीण कशी असते ते सांगते, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथंच आहेत.

पैठणीचा पदर ही मुळात साधी वीण आहे. उभा ताणा रेशमाचा, पायाखाली पावड्या. एक दाबली की ताण्याचे एक सोडून एक धागे वर उचलले जातात. साडीच्या अंगात धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारी नळी, या काठापासून त्या काठापर्यंत सरळ धावतो. पदरात तसं होत नाही. तिथं प्रत्येक रंगाची स्वतंत्र छोटी कांडी असते, आम्ही तिला तिल्ली म्हणतो. समजा, हिरव्या पानाची एक ओळ भरायची आहे. आखणीबरहुकूम पानाच्या रुंदीइतके ताण्याचे धागे मोजायचे. डावीकडची जरीची तिल्ली पानाच्या कडेपर्यंत आणायची, तिथं ती कडेच्या गडद धाग्यात अडकवून मागं वळवायची. गडद धागा हिरव्यात अडकवायचा, हिरवा पलीकडच्या गडदात, तो पुढच्या जरीत. मग फणी ठोकायची. झाली एक ओळ, तीही एका पानाची. पदराच्या पूर्ण रुंदीत अशी जितकी पानं, देठ आणि फुलं असतील तितक्या वेळा हेच करायचं. सगळ्या तिल्ल्या ताण्यावर लोंबत असतात आणि बोटांना आपोआप कळतं की आता कुठली उचलायची. पुढच्या ओळीला पान एक-दोन धाग्यांनी रुंद होतं किंवा अरुंद होतं. असं वाढत-घटत पानाची गोलाई येते. भिंगातून पाहिलंत तर त्या गोलाईत पायऱ्या दिसतील. खरी गोल रेघ या विणीत निघतच नाही.

या पद्धतीत कुठलाही धागा एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत मागून ओढून नेलेला नसतो. जिथं रंग संपला तिथंच तो वळला. म्हणून पदर उलटून पाहिला तरी तीच वेल आणि तीच फुलं दिसतात, तेवढीच नेटकी. तुमच्या दुसऱ्या फोटोत हेच दिसलं, म्हणून मी पहिल्याच परिच्छेदात इतक्या खात्रीनं लिहिलं. यंत्रमागाच्या जॅकार्ड साडीत, म्हणजे नक्षीचे धागे यंत्रच उचलतं अशा साडीत, मागून धाग्यांचे लांब पट्टे धावतात, किंवा ते कापून टाकल्यामुळे कुसं निघालेली दिसतात, कधी त्यावर जाळी लावलेली असते. इथं एक बारकावा ध्यानात ठेवा. हल्ली हातमागावरच काठ जॅकार्डनं आणि पदर हातानं अशी ‘ब्रोकेड’ पैठणीही विणतात. तिच्या काठाची उलट बाजू सुटी दिसेल, पदराची दिसणार नाही. तिला खोटी म्हणू नका. आणि संभाजीनगरचा हिमरू ही वेगळीच जात आहे. त्यात सुताच्या ताण्यावर जादा रेशमी धागे मागच्या बाजूला मोकळे सोडलेले असतात, म्हणून ते कापड उबदार लागतं. उलट बाजू सुटी दिसली की हिमरूलाही नावं ठेवणारे भेटतात, तीही चूकच.

तुमच्या साडीचा काठ अंगापासून इतका स्वच्छ वेगळा दिसतो, त्याचंही कारण विणीत आहे. ती कडियल विणीची आहे. अंगाला एक धोटा आणि दोन काठांना दोन, असे तीन धोटे चालतात. अंगाचा धागा आणि काठाचा धागा शिवेवर एकमेकांत गुंतून परत फिरतात, त्यामुळे काळं तांबड्यात मिसळत नाही. एकधोटी साडीत एकच धोटा सगळीकडे जातो, ताणा एका रंगाचा आणि बाणा म्हणजे आडवा धागा दुसऱ्या, म्हणून ती हलवली की धूपछाव खेळते. ते सौंदर्य निराळं. काळ्या अंगाला तांबडा काठ हा जोड आपल्याकडे चंद्रकळा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मानानं नेसला गेला. राघू, शिरोदक, मोतिया, कुसुंबी, पोफळी ही बाकीच्या रंगांची नावं लेकीला शिकवा. दुकानात ‘पॅरट ग्रीन’ ऐकून ऐकून मुलींना राघू कळेनासा झालाय.

मग मोर इतका वरचढ कसा झाला? मला दिसतात ती कारणं अशी. बांगडी मोर विणायला खरोखर अवघड आहे. वर्तुळात बसवलेला मोर म्हणजे सगळी गोलाईच, ओळीओळीला रंगांच्या जागा बदलतात, तिल्ल्या जास्त लागतात आणि दिवसही जास्त जातात. म्हणून तो महाग आणि महाग म्हणून मानाचा. दुसरं म्हणजे मोर लांबून ओळखू येतो. लग्नाचे फोटो आले, मग टीव्हीवर घरोघरच्या वहिनींना पैठणी जिंकून देणारे खेळ आले, तेव्हा पडद्यावर चटकन ‘ही पैठणी’ असं कळणारी खूण हवी होती. मोरानं ती जागा घेतली. आणि मग सुरतेपासून सगळीकडे यंत्रमागांनी तोच मोर उचलला. परिणाम असा की दोन-चार हजारांच्या कृत्रिम धाग्याच्या साडीवर मोर आहे आणि महिनोन्‌महिने बसून विणलेल्या असावलीला ग्राहक विचारतो, ‘मोर कुठाय?’ यंत्रमागाची ‘सेमी पैठणी’ कुणी हौसेनं घेतली तर मला त्यात काही गैर वाटत नाही. सगळ्यांना हातमागाची परवडत नाही आणि सणाला नवं नेसावंसं सगळ्यांनाच वाटतं. गैर आहे ते तिला हातमागाची म्हणून विकणं. आणि अस्सल जुनी साडी घेऊन आलेल्या बाईला ‘ही पैठणीच नाही’ म्हणून वाटेला लावणं त्याहून गैर. अशानं पुष्कळ बायका हिरमुसून जुनी साडी मोडीत देतात. जुनी जर जाळून चांदी काढणाऱ्यांच्या भट्टीत आजवर किती असावल्या गेल्या असतील, त्याचा हिशेब कुणाकडेच नाही.

नव्या मुलींना ही नक्षी का भावते, यावर मी बराच विचार केलाय, कारण शिकायला येणाऱ्या मुली स्वतःच मला ते विचारतात. ‘वारसा’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. वारसा म्हणून कपाटात ठेवलेल्या गोष्टी पुष्कळ असतात, पण हौसेनं अंगावर घातल्या जातात त्या थोड्या.

माझ्या मते खरं कारण मांडणीत आहे. पैठणीचं अंग शांत असतं, फार तर अशर्फीची, वाटाण्याची किंवा चंद्रकोरीची लहान बुट्टी. सगळा जोर पदरावर आणि काठावर. त्यामुळे नेसणारीचा चेहरा आणि साडी यांची चढाओढ होत नाही. आणि नक्षीत छटा नसतात. हिरवं ते हिरवंच, गुलाबी ते गुलाबीच. सोन्याच्या दागिन्यावर मीना भरावा तसे हे सपाट रंग जरीत बसलेले दिसतात. वर सांगितलेल्या त्या पायऱ्यांमुळे आकार ठाम होतात. साध्या, ठाम आकाराला काळाचं वय लागत नाही. तो जुन्या वाड्याच्या चौकात जितका शोभतो तितकाच आजच्या पांढऱ्या भिंतीच्या खोलीतही शोभतो, आणि मोबाइलच्या बोटभर फोटोतही विरघळत नाही.

शिवाय असावली तुटूनही पुरी राहते. पदरावरून एकच वेल उचला आणि दुपट्ट्याच्या टोकाला विणा, ती तिथं अपुरी वाटत नाही. नारळी काठ तर बाहीला, कुर्त्याच्या घेराला, नवरदेवाच्या उपरण्याला, कुठंही बसतो. म्हणून डिझायनर मंडळींना या नक्षीशी खेळता येतं. पैठणी दुपट्टा, लहान मुलींचं परकर-पोलकं, पुरुषांचं जॅकेट, सुती पैठणी, एकरंगी साडीवर पैठणी कापडाचं ब्लाउज, हे सगळं मला मनापासून आवडतं. विणकराला साडीपेक्षा कमी दिवसांत होणारं काम मिळतं आणि कॉलेजच्या मुलीला परवडेल असं काही हातात येतं. चपलेच्या पट्ट्यावर पदराची नक्षी मात्र मला पटत नाही, आणि माझ्या विद्यार्थिनींना मी ते काम घेऊ देत नाही. वाद घालणारे घालोत.

आता मुद्द्याचं, कापायची की नाही.

आधी साडीची तब्येत पाहा. दिवसाउजेडी स्वच्छ चादरीवर ती पूर्ण उलगडा आणि प्रत्येक घडीखाली तळहात सरकवत न्या. घडीच्या रेषेवर बारीक भोकं किंवा केसासारख्या चिरा दिसतात का, ते पाहा. तुमची साडी काळी आहे, म्हणून ही तपासणी जास्त काळजीनं करा. जुन्या पद्धतीत काळा रंग पक्का करायला लोह वापरत आणि लोहामुळे रेशीम काळानुसार ठिसूळ होतं. त्याच वयाची राघू किंवा कुसुंबी साडी धडधाकट असते आणि चंद्रकळा घडीवर उलते, हे मी अनेकदा पाहिलंय. काठपदर मात्र बहुधा चांगले राहतात.

अंग धड असेल तर कापू नका. लेकीला ती लग्नाच्या एखाद्या विधीला नऊवारी म्हणूनच नेसू द्या. लग्नाच्या वेळी अष्टपुत्री किंवा शालू असेल, तर सीमांतपूजनाला ही नेसवा. तिला जॅकेटच हवं असेल तर त्यासाठी नवं पैठणी कापड विणून मिळतं, वारावर घेता येतं, त्यावर तुमच्याच पदरातली असावली उतरवून देणारे विणकर आहेत. फोटो आणि मापं दिली की झालं. जुनी साडी शाबूत राहते आणि आजच्या विणकराला काम मिळतं. मला विचाराल तर हाच मार्ग सगळ्यात चांगला. पण असावलीची बुट्टी हाती विणायची म्हणजे वेळ लागतो. वैशाखात हवं असेल तर विणकराशी आत्ताच बोला, दोन आठवड्यांत मिळेल या भरवशावर राहू नका.

अंग उललं असेल, पण काठपदर शाबूत असेल, तर ते उतरवून नव्या रेशमी कापडावर चढवता येतात. हे काम जुन्या साड्यांची सवय असलेल्या माणसाकडेच द्या. नुसता चांगला शिंपी पुरत नाही.

नऊवारी आता घरात कुणीच नेसणार नाही, असं तुमचं सगळ्यांचं ठरलंच असेल, तर एक मधला मार्ग उरतो. पदराच्या विरुद्ध टोकाकडचं साधं अंग तीन वार काढायचं आणि पदरासह सहा वार राखायची. त्या तीन वारांत जॅकेट बसतं, खांद्याला किंवा पुढच्या पट्टीला तोच काठ वापरता येतो आणि साडीही नेसण्याजोगी राहते. पदराला मात्र कात्री लावू नका. हाताच्या विणीत प्रत्येक रंग आपापल्या जागी वळलेला असतो, कात्री लागली की ती वळणं सुटतात आणि जर कडेनं भराभर निघू लागते. अंगाचं कापड कापतानाही शिंप्याला आधी सांगा की मागून पातळ अस्तर लावल्याशिवाय कात्री चालवू नको, शिवणीसाठी नेहमीपेक्षा जास्त माया सोड आणि जरीवर गरम इस्त्री थेट ठेवू नको, मधे सुती कापड घाल. जॅकेट अंगाला घट्ट नको. जुनं रेशीम ताण सोसत नाही, बगलेत पहिल्यांदा फाटतं.

जरीचं म्हणाल तर ओळखीच्या सराफाकडे काठाच्या आतल्या कडेचा सुटलेला एखादा धागा दाखवा. खऱ्या जरीत रेशमावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. तांब्याच्या तारेवर चांदी चढवलेली ती हलकी, आणि चकचकीत प्लॅस्टिकची ती नकली. धागा उपसून काढू नका आणि काडी लावून पाहायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. जर काळवंडलेली दिसली तरी घाबरू नका, ती चांदी हवेतल्या गंधकामुळे काळी पडते, उलट ती चांदी असल्याचंच लक्षण. पण चिंच, लिंबू, टूथपेस्ट यांनी घासू नका. मुलामा निघून जाईल आणि तो परत येत नाही.

लग्नापर्यंत साडी अशी ठेवा. धुतलेल्या, कांजी नसलेल्या मलमलीत गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. हँगरला टांगू नका, जरीच्या वजनानं अंग ओढलं जातं. जुन्या घड्यांवर पुन्हा घडी घालू नका, दोन बोटं सरकवून घाला आणि प्रत्येक घडीत मलमलीची सैल वळकटी ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी उघडून सावलीत वारा द्या. डांबराच्या गोळ्या साडीला लागू देऊ नका. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवली तर पुरते. नेसायच्या दिवशी अत्तर आधी लावा, ते वाळलं की मग साडी, आणि जरीवर फवारा कधीच नको.

उललेल्या एक-दोन जागा निघाल्याच, तर त्यामागून त्याच रंगाचं पातळ रेशीम लावून बारीक टाक्यांनी धरता येतं. टाका रेशमी दोऱ्याचाच हवा, सुती दोरा जुन्या रेशमाला कापतो. आणि तो अंगातच घ्यायचा, जरीत सुई घालायची नाही. पिना लावायच्या त्याही याच लावलेल्या कापडातून, खांद्यावर पदराच्या जरीतून नव्हे. घडीवरचे फोटो काढून पाठवा, कुठं कापड लावावं लागेल ते मी खुणा करून सांगते.